लोकप्रियतेचें माप : गीतमालेचीं सहा वर्षें (१९७५–१९८०)

बुधवारीं रात्रीं आठ वाजतां रेडिओचा कांटा कोलंबोकडे वळवावयाचा, हा नेम भारतांतील असंख्य घरांत १९५२ च्या डिसेंबरापासून सुरू झाला आणि पुढें पस्तीसांहून अधिक वर्षें चालला. लघुलहरींवरून येणारा तो आवाज कधीं स्वच्छ ऐकूं येई, तर कधीं लाटेसारखा वर येऊन मध्येंच बुडून जाई. नेमकें वरच्या पायरीचें गाणें लागावें आणि त्याच वेळीं खरखर सुरू व्हावी, हा अनुभव ज्यांनीं घेतला नाहीं असे श्रोते विरळाच. कार्यक्रमाचें नांव ‘बिनाका गीतमाला’. तो सादर करणाऱ्याचें नांव अमीन सायानी. ‘बहनों और भाइयों’ अशी, भगिनींस पहिला मान देणारी, त्यांची हांक घरोघर परिचयाची झाली होती. दांत घासण्याच्या एका पेस्टची जाहिरात करण्यासाठीं निघालेल्या या कार्यक्रमानें पाहतां पाहतां न्यायासनाची जागा घेतली. कोणतें गाणें कितव्या ‘पायदाना’वर, म्हणजे कितव्या पायरीवर, बसावयाचें याचा निवाडा तेथें दर आठवड्यास होई, आणि वर्षाच्या अखेरीस सबंध वर्षाचा.

या निवाड्यावर थोडेंथोडकें अवलंबून नसे. गायकाची मागणी, संगीत-दिग्दर्शकाचा बाजारांतील भाव, तबकड्यांचा खप, या सर्वांवर त्याची छाया पडे. मग हा निवाडा कोणत्या पुराव्यावर दिला जात होता? या प्रश्नास १९७५ ते १९८० या सहा वर्षांत विशेष धार चढली. कारण गाणें ज्या वस्तूवर बसून श्रोत्याच्या घरीं येई ती वस्तुच त्या काळांत बदलत होती. आणि वस्तु बदलली कीं तिला लावावयाचें मापहि बदलावें लागतें.

गीतमालेच्या जन्मास एक मराठी गृहस्थ अप्रत्यक्षपणें कारणीभूत झाले, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पुण्यांत जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ सालीं माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टे अभिमानी, आणि चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडते हें त्यांचें ठाम मत. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांची वेळ कमी झाली. गाण्याबरोबर चित्रपटाचें नांव सांगणें म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेंहि बंद झालें. निर्माते रागावले व त्यांनीं गाणीं वाजविण्याची परवानगी काढून घेतली. परिणाम असा कीं, चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींसें झालें. केसकरांचा हेतु शुद्ध होता, आणि त्यांच्या कारकीर्दींत शास्त्रीय गायक-वादकांस नभोवाणीचा मोठा आश्रय मिळाला, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु तहानलेल्यास गांवच्या विहिरीवर येऊं दिलें नाहीं तर तो शेजारच्या गांवाची वाट धरतो. सिलोन नभोवाणीपाशीं महायुद्धाच्या काळांत सैन्यासाठीं उभारलेलें प्रबळ यंत्र होतें, जाहिराती घेणारा व्यापारी विभाग होता, आणि चित्रपटगीताचें वावडें मुळींच नव्हतें. ३ डिसेंबर १९५२ रोजीं, बुधवारीं, गीतमालेचा पहिला कार्यक्रम झाला.

योगायोग पाहण्यासारखा आहे. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकानें तबकड्यांच्या विक्रीवरून लाविलेली आपली पहिली क्रमवारी १४ नोव्हेंबर १९५२ रोजीं छापिली होती, म्हणजे अवघे तीन आठवडे आधीं. तेथील मोजणी दुकानदारांस दूरध्वनि करून होई. येथें प्रारंभीं मोजावयाचीं होतीं तीं पत्रें.

सायानी यांना तेव्हां वयाचीं वीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी या ‘रहबर’ नांवाचें पाक्षिक चालवीत. तें नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिपींत छापलें जाई आणि गांधीजींच्या इच्छेप्रमाणें त्याची भाषा साधी हिंदुस्थानी असे. त्या पाक्षिकाच्या कामांत हातभार लावतां लावतां अमीन यांची भाषा घडली. गीतमालेची ती सोपी, ना फार संस्कृत ना फार फारसी, अशी बोली आकाशांतून पडलेली नव्हती. आठवड्याला पंचवीस रुपये मोबदल्यावर लिहिणें, बोलणें आणि आलेलीं पत्रें तपासणें हीं तिन्ही कामें त्यांच्याकडे आलीं. कार्यक्रम मुंबईस मुद्रित व्हावयाचा आणि फिती विमानानें कोलंबोस जावयाच्या. सात गाणीं वाजवावयाचीं, श्रोत्यांनीं त्यांचा क्रम लावून कळवावयाचा, आणि बक्षीस शंभर रुपये, असें प्रथमचें स्वरूप होतें. पहिल्याच वेळीं नऊ हजार पत्रें आलीं. वर्षाच्या आंत हा आंकडा आठवड्यास पासष्ट हजारांवर गेला. एवढीं पत्रें वाचणें माणसाच्या शक्तीपलीकडचें होतें. तेव्हां १९५४ च्या सुमारास स्पर्धा मागें पडली आणि लोकप्रियतेच्या क्रमानें गाणीं वाजविण्याची पद्धति आली.

आतां लोकप्रियता ठरवावयाची कशी? सरळ उत्तर असें कीं, तबकड्या किती खपल्या तें पाहावें. देशांतील मोठमोठ्या दुकानांकडून खपाचे अहवाल येऊं लागले. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या काळांत हें माप बरेंच खरें होतें. त्या तबकडीच्या एका बाजूस एक गाणें असे. गिऱ्हाइकानें तबकडी उचलली कीं तें कोणत्या गाण्यासाठीं आलें हें दुकानदारास बहुधा कळत असे. तरीहि एक मोठी अडचण होतीच. पुढें सायानी यांनींच सांगितल्याप्रमाणें, एखादी तबकडी फार खपली कीं दुकानांतील माल संपे, आणि संपलेल्या मालाची विक्री शून्य! म्हणजे जें गाणें लोकांना सर्वांत अधिक हवें तेंच अहवालांत एकाएकीं खालीं यावयाचें. शिवाय दुकानदार हाहि माणूसच. ज्याचा लाभ त्या अहवालावर अवलंबून आहे तो निर्माता त्याच्या दारीं जाणार नाहीं असें कसें होईल?

या दोषांवर उपाय म्हणून श्रोत्यांचे संघ पुढें आले. गांवोगांवच्या रेडिओ-श्रोत्यांनीं मंडळें स्थापिलीं, दर आठवड्यास एकत्र बसून आपली पसंती ठरवावी व ती कळवावी असा प्रघात पडला. बिहारांतील, आतांच्या झारखंडांतील, झुमरी तलैया हें अभ्रकाच्या खाणींचें गांव एरवीं कोणाच्या कानावर आलें असतें? परंतु फर्माइशीच्या पोस्टकार्डांनीं त्या गांवानें एवढी कीर्ति मिळविली कीं, असें गांव खरोखर आहे काय, अशी शंका लोक घेऊं लागले. संघांची पद्धति निर्दोष होती असें नव्हे. दहा उत्साही तरुण एकत्र आले कीं संघ झाला, आणि दहा उत्साही तरुण म्हणजे गांव नव्हे. दुकानाच्या अहवालांत पैसा बोलत असे, संघाच्या पत्रांत उत्साह बोलत असे. गीतमालेचा निवाडा या दोहोंच्या साक्षीवर उभा होता.

सत्तरच्या आगेमागें ७८ फेऱ्यांची तबकडी भारतांतून गेली. तिच्या जागीं चार गाण्यांची लहान तबकडी व सबंध चित्रपटाचीं गाणीं सांठविणारी दीर्घ तबकडी आली. गिऱ्हाईक आतां ‘डॉन’ मागूं लागलें. त्यांतील कोणतें गाणें त्याला हवें आहे, हें विकणाऱ्यास कळण्याचा मार्ग उरला नाहीं. खप चित्रपटाचा मोजला जाई आणि पायरी गाण्याला द्यावयाची! सत्तरीच्या उत्तरार्धांत संघांचें मत एवढें वजनदार कां झालें, याचें मर्म येथें आहे.

‘शोले’चें उदाहरण यावर चांगला प्रकाश टाकतें. १९७५ च्या ऑगस्टांत लागलेल्या या चित्रपटाच्या गाण्यांच्या तबकडीला प्रथम अपेक्षेइतका उठाव मिळाला नाहीं. तेव्हां पॉलिडोर कंपनीनें त्यांतील संवादांची तबकडी काढिली आणि ती भराभर खपली. चहाच्या दुकानांतून, गणपतीच्या मांडवांतून गब्बरसिंगाचें बोलणें ऐकूं येऊं लागलें. त्या काळची ही एक अत्यंत लोकप्रिय ध्वनिमुद्रिका. परंतु संवाद म्हणजे गाणें नव्हे, म्हणून गीतमालेच्या पायऱ्यांवर तिला जागा नव्हती. आणखी एक गोष्ट. त्या दशकाचें नांव काढतांच आज राहुलदेव बर्मन यांचें नांव ओठांवर येतें. गीतमालेच्या वार्षिक यादींत त्यांना अग्रस्थान मिळालें तें मात्र १९७२ सालीं. १९७५ ते १९८० या सहा वर्षांत तें एकदांहि त्यांच्याकडे आलें नाहीं. त्या त्या वर्षाची आवड आणि पुढच्या पिढीची आठवण यांत केवढें अंतर पडतें तें यावरून दिसेल.

मग त्या सहा वर्षांत अग्रस्थान कोणास मिळालें? १९७५ सालीं ‘रोटी कपडा और मकान’ या चित्रपटांतील महागाईवरील कव्वालीस. चित्रपट आदल्या वर्षाच्या अखेरचा. १९७४ हें साल म्हणजे भावांच्या भडक्याचें आणि रेल्वे कामगारांच्या प्रचंड संपाचें. गाणें वर चढत असतांनाच जून १९७५ मध्यें देशांत आणीबाणी पुकारली गेली. सभा बंद, वृत्तपत्रांवर नियंत्रण, आणि कोलंबोहून सांगितलेल्या वार्षिक यादीच्या शिखरावर रेशन आणि महागाईचें रडगाणें, तेंहि हंसतखेळत म्हटलेलें! यांत कोणी बंडखोरी पाहूं नये. परंतु लोक काय गुणगुणत होते याची ही एक नोंद आहे.

आणीबाणीनें गाण्याच्या प्रांतांतहि हात घातला. सरकारी कार्यक्रमांस सहकार्य देण्याचें किशोरकुमार यांनीं नाकारलें, आणि मे १९७६ मध्यें त्यांचीं गाणीं आकाशवाणीवरून व दूरदर्शनवरून बंद करण्यांत आलीं. आणीबाणीनंतर नेमलेल्या शाह आयोगाच्या चौकशींत हें प्रकरण उजेडांत आलें. गायक तोच, गळा तोच, गाणें तेंच, पण एका आज्ञेनें तें देशाच्या नभोवाणीवरून दिसेनासें झालें. कोलंबोचें केंद्र दुसऱ्या राष्ट्राचें. दिल्लीची ती आज्ञा त्यास लागू नव्हती. गीतमाला परदेशांतून बोलत होती याचें मोल अशा वेळीं कळतें.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. पुढच्याच वर्षीं, १९७७ मध्यें, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव इंग्लंडांत चालला असतां ‘सेक्स पिस्टल्स’ या तरुणांच्या चमूनें राष्ट्रगीताचेंच नांव देऊन एक उपहासपर गीत काढिलें. बी.बी.सी.नें तें वाजविण्यास नकार दिला. तरी तें झपाट्यानें खपलें. बी.बी.सी. जी क्रमवारी प्रमाण मानी तींत तें दुसऱ्या स्थानीं राहिलें व रॉड स्ट्युअर्ट यांची तबकडी पहिली ठरली. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’च्या यादींत मात्र तेंच गीत पहिलें होतें. एकच शहर, एकच आठवडा आणि दोन निवाडे! कोणाचा कांटा खरा, हा वाद तेथें आजहि मिटलेला नाहीं.

१९७६ चें अग्रस्थान ‘कभी कभी’च्या शीर्षकगीतास मिळालें. शब्द साहिर यांचे, चाल खय्याम यांची, आवाज मुकेश यांचा. वर्ष संपण्यापूर्वींच, २७ ऑगस्ट रोजीं, परदेश दौऱ्यावर असतांना अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें मुकेश यांचें निधन झालें. डिसेंबरांत शिखरावरचें गाणें लागलें तेव्हां गाणारा उरला नव्हता.

परंतु या सर्व इतिहासांतील अत्यंत चटका लावणारी नोंद १९७७ ची आहे. मदनमोहन यांचें नांव घेतलें कीं जाणत्या श्रोत्यांस लताबाईंच्या गझला आठवतात. ‘दस्तक’ या चित्रपटाबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारहि मिळाला होता. पण बाजाराची लक्ष्मी त्यांच्याकडे क्वचितच वळली. १९५३ पासून गीतमालेच्या वार्षिक याद्या निघत होत्या. पहिल्या वर्षाचा मान ‘अनारकली’च्या रूपानें आपल्या सी. रामचंद्रांना मिळाला, त्यानंतर शंकर-जयकिशन, रोशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशीं नांवें आलीं. मदनमोहन यांचें नांव त्या जागीं एकदांहि आलें नाहीं. १४ जुलै १९७५ रोजीं ते वारले. हातांत असलेलें ‘लैला मजनू’चें काम अपुरें राहिलें होतें, तें जयदेव यांनीं पुरें केलें. १९७६ सालीं चित्रपट लागला, आणि त्यांतील ‘हुस्न हाज़िर है’ या लताबाईंच्या गीतास १९७७ चें अग्रस्थान मिळालें. बिगुल वाजला तो मृत्यूनंतर अडीच वर्षांनीं. ज्या मापानें त्यांस आयुष्यभर हलकें ठरविलें त्याच मापानें ते निघून गेल्यावर त्यांना सर्वांत जड ठरविलें. यांत मापाचा दोष किती आणि काळाचा किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

१९७८ सालीं ‘अँखियों के झरोखों से’ हें गीत वर आलें. राजश्री संस्थेचा हा साधा, लहान चित्रपट. त्यांत मोठा नट नाहीं, मारामारी नाहीं; नायकाच्या भूमिकेंत आपला सचिन, नायिका रंजीता. गीत व चाल दोन्ही जन्मांध रवींद्र जैन यांचीं, आवाज हेमलता यांचा. लता व आशा या दोन नांवांपलीकडे स्त्रीगायिकेस वर्षाचें शिखर मिळणें त्या काळीं अपूर्वच होतें. पडद्यावरील नामावळींत वजनदार नांव नसतांहि केवळ गाण्याच्या बळावर तें वर जातें, हें संघांच्या पद्धतीचें श्रेय म्हणावें लागेल.

उलट १९७९ सालचें ‘डॉन’मधील पानाचें गाणें पाहावें. चित्रपट जवळजवळ तयार झाला असतां, उत्तरार्धांत प्रेक्षकास थोडा विसांवा हवा, असें मनोजकुमार यांनीं सुचविलें आणि हें गाणें मागाहून घालण्यांत आलें. किशोरकुमार यांनीं मुद्रणाच्या वेळीं खरोखरच पान चघळलें, असें सांगतात. तीन वर्षांपूर्वीं ज्याचा आवाज आकाशवाणीनें बंद केला होता तो गायक आतां शिखरावर बसला. १९८० सालीं ‘सरगम’मधील डफलीच्या गाण्यानें तें स्थान घेतलें. त्यांत लताबाईंबरोबर महंमद रफी होते. ३१ जुलै १९८० रोजीं रफी गेले. म्हणजे पुन्हां एकदां डिसेंबरचा मान गायकाच्या पश्चात् आला.

या यादींत काय नाहीं, तेंहि पाहिलें पाहिजे. गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची. तेव्हां जगजितसिंग व चित्रा यांच्या गझलांची तबकडी घरोघर वाजूं लागली तरी तिला पायदान नव्हतें. मराठीची तर गोष्टच सोडा. १९७७ चा ‘जैत रे जैत’ घ्यावा. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांचीं गीतें, हृदयनाथ मंगेशकरांचें संगीत. ठाकरांच्या पाड्यावरचा ढोल आणि महादेवाच्या डोंगरावरचें मोहोळ यांचीं तीं गाणीं महाराष्ट्रांत आजहि म्हटलीं जातात. तीं कितव्या पायरीवर होतीं? त्यांना पायरीच नव्हती. दादा कोंडके यांच्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधील गाणीं १९७८ सालीं जत्रेजत्रेंतून घुमलीं, त्यांचीहि नोंद कोठें झाली नाहीं. गंमत अशी कीं, १९७७ च्या ‘इन्कार’ या हिंदी चित्रपटांत उषाताई मंगेशकरांनीं गायिलेलें आणि हेलन नाचलेलें गाणें एका अस्सल मराठी शब्दावर उभें आहे. आपला मुंगळा हिंदींत ‘मुंगडा’ होऊन देशभर फिरला. मराठी शब्दाला त्या मांडवांत शिरावयाचें तर हिंदीचा वेष घालूनच.

सहा वर्षांच्या अखेरीस मापाचा पायाच ढांसळूं लागला. आखाती देशांत नोकरीस गेलेले लोक सुटींत परत येतांना रेडिओ व टेप एकत्र असलेलें यंत्र घेऊन येत. बाजारांत त्याला ‘टू-इन-वन’ म्हणत. त्यांत घालावयाची कॅसेट स्वस्त, सुटसुटीत आणि मुख्य म्हणजे घरच्या घरीं उतरवून घेतां येणारी. एका कॅसेटीच्या दहा होत आणि त्या दहांची नोंद कोणत्याहि दुकानाच्या वहींत नसे. १९८० च्या ‘कुर्बानी’नें हें नवें युग दाराशीं आणून उभें केलें. त्यांतील पंधरा वर्षांची नाझिया हसन मूळची कराचीची व राहणारी लंडनची. तिच्या गाण्याची चाल बांधणारे बिद्दू हे बंगळुरूचे. त्यांनीं लंडनमध्यें तयार केलेलें ‘कुंग फू फाइटिंग’ १९७४ सालीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांच्या क्रमवारींत पहिलें आलें होतें. तिकडच्या शिखरावर जाऊन आलेला माणूस इकडच्या पायऱ्यांवर उतरला, असा हा प्रकार. पुढें १९८३ पासून गुलशनकुमार यांनीं स्वस्त कॅसेटांचा जो व्यापार मांडला, त्यानें डमडमच्या ग्रामोफोन कंपनीची अनेक दशकांची सद्दी संपविली.

गीतमाला त्यानंतरहि चालूच राहिली. १९८९ सालीं ती कोलंबो सोडून विविध भारतीवर आली, म्हणजे ज्या आकाशवाणीनें १९५२ सालीं चित्रपटगीतास दार लावून घेतलें होतें तिच्याच घरांत. केसकर त्यापूर्वीं पांच वर्षें, १९८४ सालीं, वारले होते. आणि तोंवर तबकड्यांचीं बहुतेक दुकानें कॅसेटांचीं झालीं होतीं.